विषय: इंदूरला परत येतोय, मुलाच्या शाळेबद्दल

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आम्ही कायमचे इंदूरला परत चाललो आहोत. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. पासपोर्ट भारतीय. इथे शाळेत त्याचा आयईपी (त्याच्यासाठी खास आखलेली शिक्षण योजना) आहे, वर्गात मदतनीस आहे. तिकडे एका वर्गात चाळीसेक मुलं असणार. आधी प्रवेश घ्या, मग सांगा, असा घरच्यांचा सल्ला आहे. आणि घरात मराठी बंद करून एकच भाषा ठेवा, असंही दोघा-तिघांनी सुचवलंय. कुणाला अनुभव असल्यास कृपया लिहा.

---

उत्तर:

अगं, मी इंदूरच्या शाळेत विशेष शिक्षिका होते, आता निवृत्त झाले. लेकीमुळे या लिस्टवर आहे. वयाने मोठी, म्हणून एकेरीत लिहिते.

लपवू मुळीच नकोस. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात ऑटिझम आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा असं तोच कायदा सांगतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बाईंना माहीतच नसेल तर पहिल्याच आठवड्यात पोरावर 'हट्टी' असा शिक्का बसतो. तो पुसायला मग वर्ष जातं.

आयईपीची जाडजूड फाईल मात्र बाईंच्या हातात देऊ नकोस. चाळीस वह्या तपासणारी बाई ती कधी वाचणार? एक पान लिही, हिंदीत. कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, काय आवडतं, लघवीला जायचं कसं सांगतो. बस.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बाकावर आम्ही दिवसाची चित्रपट्टी लावली होती: प्रार्थना, गणित, डबा, पीटी. तास संपला की तो ते चित्र काढून पाकिटात टाकायचा. एकदा पावसामुळे पीटी रद्द झाली आणि त्याने बाकावर डोकं आपटायला सुरुवात केली. त्यानंतर आम्ही केशरी रंगाचं 'बदल' कार्ड केलं. काही रद्द झालं की ते त्या चित्रावर लावायचं आणि शेजारी नवं चित्र. रडू तरी यायचं, पण डोकं आपटणं थांबलं. पुढे काय होणार हे दिसलं की या मुलांची निम्मी भीती जाते.

घंटेपासून लांबची, भिंतीकडेची जागा माग. 'शहाण्यासारखा बस' म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला उमगत नाही. 'वही उघड, तारीख लिही' हे कळतं. हात फडफडवतो, नजर देत नाही, म्हणून कुणी टोकू नये. तो त्याच वेळी ऐकत असतो. आणि तो कोसळला की त्याला समजावत बसायचं नाही. बोलणं कमी करायचं, बाकीच्या मुलांना बाजूला घ्यायचं, त्याला वेळ द्यायचा. तो नाटक करत नसतो, शिक्षा तर नकोच नको.

तुझं ते पान तयार झालं की मला पाठव, हिंदी बघून देते.

काकू

---

उत्तर:

काकूंनी शाळेचं सगळं सांगितलंच आहे. आमची मुलगी आता नववीत आहे, टिळकनगरला राहतो. भाषेचं मला लिहायचंय. आम्हालाही हेच सांगितलं होतं, पण दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आजी-आजोबा ज्या भाषेत बोलतात ती काढून घेतली, तर घरात त्याच्याशी बोलणार कोण? मराठी सोडू नका, एवढं कळकळीने सांगते.

आल्यावर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांच्या मागे लागा. परदेशातला रिपोर्ट सोबत आणा, पण प्रमाणपत्र इथल्या अधिकृत वैद्यकीय मंडळाचंच लागतं. दहावी-बारावीला सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला तासभर जास्त मिळतो, लेखनिकही मिळतो, तो याच कागदावर.

आणि तिकीट रंगपंचमी झाल्यावरचं काढा. राजवाड्यावरच्या गेरमुळे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे, त्या दिवशी डीजे, ढोल आणि गर्दीने सगळा भाग दणाणतो. शहराशी त्याची पहिली ओळख तशी नको.