अनुभव सांगा: भंगारातला दिवा घरी आणला, पुढे काय झालं?

सुरुवात मीच करते. चोरबाजारात शुक्रवारी दुकानं बंद आणि पहाटेपासून रस्त्यावरच माल मांडलेला असतो, तिथे मटण स्ट्रीटच्या बाजूला एक पाच फांद्यांचं झुंबर दिसलं, काळंकुट्ट, काचेच्या वाट्या पाचपैकी तीनच. पंधराशे म्हणाला. मी पर्समधनं लोहचुंबक काढून लावलं (हसू नका, आईची सवय आहे), चिकटलं नाही आणि उचलायला जड, म्हणजे लोखंडावर मुलामा नाही, पितळ आहे. सहाशेला आणलं. चिंच-मीठ लावून दोन तास घासल्यावर एक फांदी चमकली तेव्हा सासूबाई पण बाजूला येऊन बसल्या घासायला.

वाट्यांवर ग्लास पेंट केलाय. काच स्पिरिटने पुसायची, लायनरने आउटलाइन, ती कडक सुकली की मग आत रंग. मी शहाणीने बाटली खळाखळा हलवली आणि रंगात हे बुडबुडे! सुईने एकेक फोडत बसले रात्री. त्यात काम काढलं जुलैमध्ये, चार दिवस झाले तरी बोट चिकटतंय, पंख्याखाली ठेवलं तर वर धूळ बसली. तर आता दोन फांद्या बोडक्या आहेत, त्यांचं काय करू ते सांगा, आणि तुमचे घोळ पण लिहा, नुसते छान छान फोटोवाले अनुभव नकोत.

*

माझा घोळ रंगाचा. जोगेश्वरीला जुन्या फर्निचरच्या दुकानातून काचेचा गोळा आणला, त्यावर हौसेने मोर काढला. दिवसा खिडकीत धरला की मोरपंखी निळा असा काही सुंदर दिसायचा आणि रात्री दिवा लावला की शाईची दौत! आधी वाटलं रंग खराब निघाला, दुकानदाराला चार शब्द सुनावून पण आले. मग भाच्याने सांगितलं की आत्या, तुझा बल्ब पिवळा आहे, 2700 केल्विनचा, त्याच्या उजेडात निळा मुळात कमीच असतो तर काचेतून बाहेर काय येणार. 6500 चा लावला तर मोर उठून दिसला पण हॉल दवाखान्यासारखा झाला. शेवटी 4000 वर तडजोड. लाल, केशरी, पिवळा रंग असेल तर पिवळाच बल्ब ठेवा, काय खुलतो! थोडक्यात, रंगवायच्या आधी काचेवर एकेक ठिपका देऊन रात्री बल्ब लावून बघा. दुकानदाराला सॉरी म्हणायचं राहिलंच आहे.

*

टेबल फॅनची गंजलेली जाळी, दोन्ही अर्ध्या. आधी पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड, मग उरलेल्या लोकरीने विणत गेले, एक आरा वर एक आरा खाली, टोपली विणतात तसं. दादरच्या घरात समुद्राच्या हवेने रेड ऑक्साइड लावूनही वर्षभरात कडेला गंज आलाच, लोकरीवर तांबूस डाग. आता लोकांना सांगते डिझाइन आहे.

*

मी वायरिंगची कामं करतो, परळ-शिवडी भागात. ताई लोक रंग भारी करता पण आतली वायर कोणी बघत नाही. जुन्या दिव्यातली वायर बोटाने वाकवा, रबर पापडासारखं तुटलं की सगळी काढून टाका, नवीन टाका. पितळी बॉडी आहे म्हणजे हिरवी अर्थिंगची वायर बॉडीला पाहिजेच, दोन वायरींवर भागवू नका. पीओपीच्या सिलिंगला झुंबर लटकवू नका, वर स्लॅबच्या हुकाला न्या. लावताना नुसतं बटण नाही, मेन बंद. आणि जुन्या मालात कधी आट्यांचे होल्डर निघतात, आपल्याकडे घरात पिनवाले बल्ब, तर बल्ब घ्यायच्या आधी होल्डर बघा. लोहार चाळीत दोन्ही मिळतात. कापडाच्या, कागदाच्या शेडमध्ये एलईडीच लावा, जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब म्हणजे उजेड थोडा न् उष्णता सगळी.

*

वरच्या दादांना अनुमोदन. आईच्या इरकली साडीच्या काठाची शेड केली होती, आत तोच 60 वॉटचा. जळाली नाही, पण आतून तपकिरी पडली आणि इस्त्रीचा वास यायला लागला. साडी आईची होती हे परत सांगते.

*

ट्यूबलाइटची जुनी पत्र्याची पट्टी, चोक-स्टार्टर काढून, गुलाबी रंगवून, वर वारली. किचनमध्ये झारे-उलथणी टांगलेत. दिवा नाही पण चालेल ना इथे? (ट्यूब फोडू नका हां, आत पारा असतो.)

*

चालेल की! आमच्या लालबागच्या चाळीत दिवाळीनंतर कंदिलाचे सांगाडे माळ्यावर पडलेले असतात. आम्ही बाबांसोबत दरवर्षी त्याच बांबूच्या कामट्यांवर नवा पतंगी कागद चिकटवायचो, घरच्या मैद्याच्या खळीने. खळ घट्ट झाली की कागद सुरकुततो, पातळ झाली की रंग सुटतो आणि हात आठवडाभर जांभळे. यंदा लेकीसोबत माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदील घ्यायला गेलो आणि ती म्हणे, आपण आपलाच करू. आता तो वर्षभर तिच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. एक शेपटी मांजरीने खाल्ली.

*

बोडक्या फांद्यांसाठी: कटिंग चहाचे ग्लास! जाड, उभ्या रेघांचे. भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांचा उजेड पडतो. बुडाला भोक डायमंड बिटने, काचेवर पाणी सोडत सोडत, आणि ड्रिलवर जोर अजिबात द्यायचा नाही. चष्मा लावून.

*

धागाकर्ती परत आलीय. चार ग्लास आणले, नवऱ्याने ड्रिल धरलं, मी पाणी ओतलं. पहिला तडकला, दुसरा तडकला, तिसऱ्याला भोक पडलं पण जरा वाकडं, चौथा एकदम सुरेख. अर्थिंग पण करून घेतलं. झुंबर लागलंय, तीन वाट्या रंगीत आणि दोन कटिंग, त्यातला एक जरासा तिरका. सासूबाई म्हणतात खाली उभं राहिलं की चहा सांडेल असं वाटतं.