मुलगा पहिल्यांदाच डिटॅचमेंटवर चाललाय, तिथे नेमकं काम काय असतं?

लष्करची_आई (ग्वाल्हेर)

नमस्कार. इथे हवाई दलात नोकरी केलेली बरीच मंडळी लिहितात, म्हणून धीर करून विचारते.

माझा मुलगा हवाई दलात टेक्निशियन आहे, इंजिनाच्या कामावर. नोकरीला तीन वर्षं झाली. परवा फोनवर एवढंच म्हणाला, "आई, डेटवर जातोय, दोनेक महिने." डेट म्हणजे डिटॅचमेंट, आपलं ठाणं सोडून काही दिवस दुसरीकडे काम, एवढंच मला कळतं. कुठे, ते सांगत नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. माघात त्याचा साखरपुडा ठरवायचा होता, तो आता अधांतरी आहे.

खरी टोचणी वेगळीच आहे. रविवारी घरी पाहुणे आले होते. त्यांतले एकजण सहज बोलून गेले, "पायलट नाही ना? मेकॅनिकच. गॅरेजसारखंच काम, काळजी कशाची?" मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर वाटत राहिलं, पोटचा मुलगा काय काम करतो हे मला चार वाक्यांत सांगता येऊ नये? त्याला विचारलं तर "असंच, सर्व्हिसिंग" म्हणतो. तिकडे ही मुलं दिवसभर करतात काय? झोपतात कधी? बरोबर काय द्यावं? आणि साखरपुड्याचं काय करू?

---

इंजिन_फिटर_८६ (ग्वाल्हेर, पिंटो पार्क)

ताई, आधी एक सांगतो. तुम्ही ठिकाण आणि तारीख लिहिली नाहीत ते फार चांगलं केलंत. इथून पुढेही लिहू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवरही नको.

मी १९८६ साली भरती झालो. बेळगावला सांबऱ्याला कवायत, मग तांबरमला ट्रेडचं शिक्षण, आणि पुढची बरीच वर्षं आपल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर मिराज लढाऊ विमानांच्या इंजिनावर. मिराज १९८५ ला इथे आले, म्हणजे ते आणि मी जवळजवळ बरोबरच नोकरीला लागलो. वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झालो. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी माझ्या अनुभवातून लिहितो, तुम्हाला हवं तेवढं उचला.

विमान उडण्याआधी एकदा तपासलं जातं, दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा, आणि दिवसाचं शेवटचं उड्डाण झाल्यावर एकदा. बिफोर फ्लाइट, टर्न राउंड, लास्ट फ्लाइट. इंजिनवाला वेगळा, एअरफ्रेमवाला (म्हणजे विमानाचा सांगाडा पाहणारा) वेगळा, इलेक्ट्रिकल, रेडिओ-रडार, शस्त्रांचा फिटर, सगळे आपापलं पाहतात आणि एफ-७०० नावाच्या रजिस्टरमध्ये सही करतात. त्यांच्यावर सुपरवायझरची सही. मग पायलट येतो, ते पान वाचतो, स्वतः विमानाभोवती एक फेरी मारतो आणि सही करून विमान ताब्यात घेतो. तुमच्या मुलाची सही त्याच पानावर असते. कशाचं गॅरेज घेऊन बसलेत पाहुणे! गाडी बिघडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. मिराजला इंजिनच एक आहे.

आता डेटवर वेगळं काय, ते सांगतो. आपल्या ठाण्यावर सगळं हाताशी असतं: हँगर, टेस्ट बेंच, स्टोअर, मोठ्या दुरुस्तीची माणसं. डेटवर जाताना ठरावीक माणसं निवडायची, सामानाच्या पेट्या भरायच्या आणि मालवाहू विमानात चढायचं. पेटीत जे टाकलं नाही ते तिथे नाही. कुठला भाग जास्त लागेल, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. त्यासाठी जुनी रजिस्टरं काढून आठ-आठ दिवस डोकं खपवणारे सार्जंट मी पाहिलेत. तरी नेमकं जे नेलेलं नसतं तेच अडतं. मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, म्हणजे काम दुप्पट आणि सह्याही दुप्पट.

कारगिलच्या वेळी आमची विमानं आदमपूरहून उडत होती. जून महिना, पंजाबातलं ऊन. पान्हा उन्हात राहिला तर हात भाजायचा, म्हणून आम्ही हत्यारं पंखाखालच्या सावलीत ओल्या पोत्यावर मांडायचो. इंजिन बदलायचं असेल तर मिराजचं इंजिन शेपटीकडून मागे सरकवून ट्रॉलीवर घेतात. एका बाजूला दोन बोटं जागा, दुसऱ्या बाजूला दोन बोटं. चार जण चार कोपऱ्यांत उभे राहून, "थांब, थांब, हां, चल," असं बोलत बोलत ते बाहेर काढायचं. नवीन बसलं की सगळ्या नळ्या जोडायच्या, इंजिन जमिनीवर चालवून बघायचं, कुठे तेलाचा थेंबही नको. रात्री नऊला हात घातला तर उजाडलेलंच असायचं. शस्त्रांच्या फिटरांची मेहनत तर त्याहून मोठी. लेझरचा नेम लावणारा लायटनिंग पॉड तेव्हा नवाकोरा होता. २४ जून १९९९ ला टायगर हिलवर तो लेझरवाला बॉम्ब पडला, ते देशाने वाचलं. तो बॉम्ब विमानाला लावताना ज्यांच्या अंगावरून घामाचे ओघळ वाहिले, ते माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचे.

झोप म्हणाल तर पाळी असते, पण ती कागदावर. विमान रात्री एखादी तक्रार घेऊन उतरलं की पाळी संपली म्हणून कोणी उठून जात नाही. सकाळी उजाडताच एफओडी वॉक: सगळे खांद्याला खांदा लावून रांगेत चालतात आणि टारमॅकवरचा खडा, तार, नटाचा तुकडा, जे दिसेल ते वेचतात. इंजिन ते ओढून घेतं आणि पात्याला टवका पडतो. मग हवा आत जाते त्या तोंडात टॉर्च घेऊन सरकायचं. खिसे आधी रिकामे करायचे, घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. पात्याच्या कडेवरून बोटाचं टोक फिरवायचं. डोळ्याला न दिसलेला टवका बोटाला लागतो. तुमच्या मुलाच्या उजव्या तर्जनीकडे कधी नीट बघा, टोकाची कातडी जाड झालेली असेल.

एक गोष्ट माझी स्वतःची लिहितो. ठिकाण सांगत नाही. नोकरीला चार वर्षं झालेली, मी डेटवर होतो. संध्याकाळी उजेड जात असताना इंजिनाचं एक झाकण बंद केलं आणि हत्यारं परत करायला गेलो. हत्यारांच्या पेटीत प्रत्येकाची जागा कोरलेली असते, रिकामी जागा लगेच दिसते. स्क्रूड्रायव्हरची एक बिट नव्हती. करंगळीच्या पेराएवढी. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते विमान जाणार होतं. खिशात शोधलं, गवतात शोधलं, पाच मिनिटं कोणाला बोललो नाही. ती पाच मिनिटं मला अजून लाज आणतात. मग आमच्या जेडब्ल्यूओ (ज्युनियर वॉरंट ऑफिसर) साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, माझी बिट सापडत नाही."

त्यांनी मला एक शब्द बोलला नाही. विमान थांबवलं, रजिस्टरमध्ये लाल शाईने नोंद केली आणि म्हणाले, "चल, उघडू." मी लावलेलं ते झाकण उघडलं, त्याच्या शेजारची तीन उघडली. आरसा, टॉर्च, लवचीक दांडीवरचं चुंबक. जेवण कोणीतरी तिथेच आणून दिलं. रात्री पावणेतीनला इंधनाच्या नळीमागच्या खाचेत चुंबकाला काहीतरी टक् करून चिकटलं. बाहेर आली ती बिट. ती हवेत थरथरत त्या नळीला घासत राहिली असती तर काय झालं असतं, ते मी तुम्हाला लिहीत नाही, तुम्ही आई आहात.

साहेबांनी चहा मागवला. मला वाटलं, आता मला घरी पाठवतील. ते म्हणाले, "तूच उघडलंस, तूच बंद कर. सही पण तूच कर." माझा हात इतका कापत होता की सही वेडीवाकडी आली. त्यांनी प्रत्येक स्क्रू मागून पाहिला आणि खाली स्वतःची सही केली. पुढे माझ्या हाताखाली पोरं आली तेव्हा मी पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायचो. चूक झाली तर त्याच क्षणी येऊन सांग, विमान थांबवायची जबाबदारी माझी.

विमान गेल्यावर काय करतात, तेही सांगतो. वाट बघतात. शिडी, चाकांना लावायचे ठोकळे, इंधनाचा टँकर, सगळं तयार ठेवून आकाशाकडे कान लावून बसतात. आवाज आला की न बोलता प्रत्येकजण मनात मोजतो. चार गेले असतील तर चार येईपर्यंत कोणी पाणी पीत नाही.

पाहुण्यांना सांगा, ग्वाल्हेरातला आपला हा लष्कर भाग वसला तोच दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून. त्या छावणीत घोड्यांना नाल ठोकणारे नालबंद होते, तोफांचे गाडे दुरुस्त करणारे सुतार-लोहार होते. त्यांच्यावाचून फौज एक मुक्काम पुढे सरकली नसती. तुमचा मुलगा तेच काम करतो.

बरोबर काय द्यायचं: सुती मोजे भरपूर, सुती बनियन (नायलॉन नको, इंधनाजवळ चालत नाही), पायाला लावायचं मलम, आणि थंडीची दाट लोकरी कानटोपी. कानाचे मफ वापर, असं त्याला दर फोनला सांगा. आम्ही तरुणपणी कंटाळा केला आणि आज माझ्या डाव्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजते. साखरपुडा महिना-दीड महिना पुढे ढकला, तारीख त्याच्या गळ्यात अडकवून पाठवू नका. आणि घरातली काळजीची बातमी ड्यूटीवर असेपर्यंत त्याला सांगू नका.

---

मोरारची_वहिनी (ग्वाल्हेर)

काका, तुमचं सगळं वाचून डोळे भरून आले, पण शेवटचं वाक्य मला पटलं नाही. माझे यजमान एअरफ्रेमवर होते. ते डेटवर असताना सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि मी तुमच्यासारखाच विचार करून बारा दिवस लपवलं. परत आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "मी रोज विचारत होतो बाबा कसे आहेत, आणि तू रोज बरे आहेत म्हणालीस. आता पुढच्या वेळी तू बरं म्हटलंस तर मी काय समजू?" त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं. बातमी सांगायची, पण पाळी संपल्यावर, जेवण झाल्यावर. कामावर निघायच्या आधीच्या फोनवर काही नाही. ताई, तुम्हीही मुलाशी हे आधीच ठरवून घ्या.

---

मिल_सतरा (वडोदरा)

मी हेलिकॉप्टरवाला, एमआय-१७ च्या इंजिनावर. वहिनींच्या बाजूने माझं मत. लपवलेलं आवाजात कळतंच.

माझी सगळ्यात लांबची डेट कांगोत, गोम्याला, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत. गावाच्या डोक्यावर न्यीरागोंगो ज्वालामुखी, २००२ मध्ये त्याचा लाव्हा धावपट्टीच्या टोकावर येऊन गोठलेला. काळी कच सगळीकडे. तोंडात, गादीत, चहात. हेलिकॉप्टर खाली उतरताना स्वतःच धुरळा उडवतं आणि स्वतःच गिळतं. इंजिनाच्या तोंडाशी धूळ वेगळी काढायची यंत्रणा असते, तरी आम्ही इंजिन धुवून काढायचो आणि पात्यांच्या पुढच्या कडा हाताने चाचपायचो. कच तिथे कानशीसारखी घासते. रात्री डोंगराच्या तोंडावर लाल उजेड दिसायचा. आठवड्यातून एकदा फोन लागायचा, आणि बायको मला गल्लीतल्या बातम्या सांगायची: कोणाचं पाणी आलं नाही, कोणाच्या घरी बाळ झालं. मला तेच ऐकायचं असायचं. ताई, तुम्हीही त्याला घरातलंच सांगा. कामाचं तो आल्यावर सांगेल.

---

इंजिन_फिटर_८६

वहिनी, तुमचं बरोबर आहे. मी माझं वाक्य मागे घेतो. माझ्या आईने माझ्यापासून एक बातमी लपवली होती आणि तेव्हा मीही असाच चिडलो होतो. म्हातारपणी ते विसरून तुम्हाला उलट सल्ला देत बसलो. पाळी संपल्यावर, जेवण झाल्यावर. हेच ठीक.

---

लष्करची_आई

काका, वहिनी, दादा, तुमचे कसे आभार मानू. काल रात्री तो घरी आला, दोन दिवसांची सुट्टी आहे. जेवताना मी काही न विचारता त्याचा उजवा हात हातात घेऊन बोट पाहिलं. खरंच जाड झालंय. तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" मग मी तुमची बिटची गोष्ट त्याला वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होता. नंतर स्वतःहून दीड तास बोलत बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. काय बोलला ते इथे लिहीत नाही.

साखरपुडा फाल्गुनात करतोय, मुलीकडच्यांनी लगेच हो म्हटलं. मोजे, बनियनं घेतली, कानटोपी मी विणतेय, उद्यापर्यंत होईल. फोनचंही वहिनींनी सांगितलं तसं ठरवलं.

एकच विचारायचं राहिलं. त्याच्याबरोबर मुरैन्याची गजक द्यायची आहे, सगळ्यांना पुरेल अशी दोन किलो. तिकडे धुकं असतं म्हणे. मऊ पडेल का?

---

इंजिन_फिटर_८६

पुठ्ठ्याच्या खोक्यात दिलीत तर तिसऱ्या दिवशी मऊ पडेल. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात खाली-वर कागद घाला आणि झाकणाच्या कडेला चिकटपट्टी फिरवा. दोन किलोचा एक डबा करू नका, अर्ध्या-अर्ध्या किलोचे चार करा. एकदा उघडला की पूर्ण पाळी तुटून पडते, बाकीचे तीन तरी शाबूत राहतील. आणि एका डब्यावर त्याच्या जेडब्ल्यूओ साहेबांचं नाव घालायला सांगा.