मदत हवी आहे: सायकल चौकीत जमा केली, पावती दिली नाही, पुढे काय करायचं?

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, कायद्यातलं कळणारे किंवा अशा प्रसंगातून गेलेले कोणी असतील तर प्लीज सांगा.

मी रोज सायकलने ऑफिसला जाते. मंगळवारी सकाळी सात-सव्वासातला एमआयडीसीकडून शहरात येणाऱ्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी ट्रॅफिक हवालदारांनी हात केला म्हणून थांबले. माझ्याआधी एका काकांना थांबवलेलं होतं, नाईट ड्युटी संपवून घरी निघालेले सिक्युरिटी गार्ड, अंगावर युनिफॉर्म, जुनी काळी सायकल आणि कॅरियरला ट्यूबच्या पट्टीने बांधलेला डबा. (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, काकांच्या नोकरीचा प्रश्न आहे.)

हवालदार म्हणाले, पुलावर सायकल अलाउड नाही, लायसन दाखवा. मी म्हटलं सायकलला लायसन कसलं, तर म्हणे मग बिल दाखवा, सायकल चोरीची नाही कशावरून. माझं बिल मेलमध्ये होतं, मोबाईलवर दाखवलं, तर "ठीक आहे मॅडम, तुम्ही जा, खालच्या रोडने जा". काकांकडे कुठून असणार बिल, त्यांनी ती जुन्या बाजारातून घेतलेली. त्यांना सगळं अरे-तुरे चाललेलं, "तुझीच कशावरून, बिल आण नाहीतर पाचशे भर". ते नुसते साहेब साहेब करत होते, तेवढ्यात हवालदारांनी वाकून मागच्या चाकाचा व्हॉल्व काढला आणि खिशात टाकला. सायकल बाजूच्या चौकीत भिंतीला लावून ठेवली. मी पावती मागितली तर उत्तर मिळालं की सायकलचं चलान मशीनवर निघत नाही, नंबर कुठाय तिला.

मी पुलाच्या बोर्डाचा फोटो काढलाय. त्यावर लाल गोलात बैलगाडी आणि हातगाडीचं चित्र आहे, सायकलचं नाही. हे दाखवलं तर म्हणाले सगळं बोर्डावर लिहीत नसतात.

काका नंतर चौकीत जाऊन आले, साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं. आता ते शेअर रिक्षाने जातात आणि ती लाईन रात्री लवकर बंद होते, म्हणजे ड्युटीला जाताना संध्याकाळीच निघून गेटवर बसून राहायचं. मला हे फार लागलंय. माझ्याकडे मोबाईलवर बिल होतं म्हणून मी दोन मिनिटांत सुटले आणि त्या माणसाचं रोजचं वाहनच गेलं, तेही एका कागदाच्या चिटोऱ्याशिवाय.

पोलिसांना सायकल अशी ठेवून घेता येते का? बिल नसेल तर मालकी कशी दाखवायची? आणि अर्ज कोणाकडे, काय लिहून करायचा? मोटार वाहन कायदा १९८८ वाचायचा प्रयत्न केला, कलम १२९ मधली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवाल्यांना आहे एवढं कळलं, पुढे डोकं चालेना.

प्रतिसाद

मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करतो. तुम्ही बरोबर जागी वाचताय. त्या कायद्यातली "मोटार वाहन" ची व्याख्या यंत्राने चालणाऱ्या वाहनाची आहे, सायकल त्यात बसत नाही. त्यामुळे लायसन मागणं, कलम १७७ खालचे पाचशे रुपये, कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवणं, यातलं काहीच सायकलला लागू नाही. पाचशेचा आकडा बहुतेक तिथूनच आला असावा, २०१९ च्या दुरुस्तीत पहिल्या गुन्ह्याचा दंड तेवढा झालाय.

चोरीचा संशय असेल तर पोलिसांना वस्तू जप्त करता येते, पूर्वी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १०२ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १०६. पण मग जप्तीची नोंद आणि पंचनामा व्हायला हवा, आता त्याचं व्हिडिओ चित्रीकरणही करायचं असतं, आणि मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. नुसती भिंतीला लावून ठेवणं ही जप्ती नाही. तेव्हा अर्जात भांडू नका, साधं विचारा की माझी अमुक वर्णनाची सायकल अमुक तारखेला अमुक वेळी चौकीत ठेवून घेतली आहे, कोणत्या कलमाखाली ते सांगावे व पंचनाम्याची प्रत द्यावी, जप्ती नसल्यास सायकल परत मिळावी. अर्ज चौकीत नको, पोलीस स्टेशनला आवकमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच मिळाली की निम्मं काम होतं, खरंच सांगतो. जप्ती दाखवलीच असेल तर याच संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करू असं लिहून देऊन, सोडवता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर मोफत वकील मिळतो.

प्रतिसाद

वकीलसाहेबांशी सहमत, पण एक बाजू राहिली. मी लांब पल्ल्याची सायकलिंग करतो, ग्रुपमधल्या पोरांना नेहमी सांगतो की मोटार वाहन कायदा लागत नाही म्हणजे आपल्याला कायदाच नाही असं समजू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ मध्ये रस्त्यावरची रहदारी नियंत्रित करण्याचे नियम करायचा अधिकार आहे आणि त्यात सायकल चालवणारे, पायी चालणारे, गुरं नेणारे सगळे आलेत. कलम ६८ प्रमाणे पोलिसांची वाजवी सूचना पाळावीच लागते. म्हणजे "खालच्या रोडने जा" म्हटलं तर जायचं, तिथे वाद नाही. राँग साईडने बेफाम चालवली तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम २८१ सायकलवाल्यालाही लागतं, कारण त्यात "कोणतेही वाहन" आहे. वांद्रे-वरळी सी लिंक, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे इथे सायकलला बंदी आहेच आणि तिथे कोणी घुसूही नये.

प्रश्न एवढाच की या पुलासाठी तसा आदेश निघालाय का. तो माहिती अधिकारात मागा, आदेशाची प्रत, तारीख आणि बोर्ड कधी लावले ते. २०१९ पासून केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातही कलम १३८ (१-अ) आलंय, बिनइंजिनाची वाहनं आणि पादचारी यांच्यासाठी नियम राज्याने करायचे, आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना ते सहा महिन्यांत करा म्हणून सांगितलं. हे नियम कागदावर नीट आले तर चौकाचौकात हवालदाराच्या मर्जीवर चालणारा कारभार थांबेल, म्हणून सायकलवाल्यांनी यात लक्ष घालायला पाहिजे. कोलकात्यात कितीतरी रस्त्यांवर सायकलला बंदी केली, तिथे सगळ्यात जास्त झळ दूधवाले, पेपरवाले, कारखान्यातले कामगार यांनाच बसली.

प्रतिसाद

ताई, बिलाचं मी सांगतो. आमच्या पुण्यात एके काळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस धरायचे, पण दंडाची पावती हातात मिळायची. बिल्ला असला की सायकल कोणाची हा प्रश्न यायचा नाही. आता तो नाही, पण फ्रेम नंबर असतो. सीटखालच्या नळीवर नाहीतर पायडलचा एक्सल जातो त्या नळीच्या खाली ठोकलेला, वंगण-मातीने झाकलेला असतो, फडक्याने पुसला की दिसतो. काका पंक्चर ज्याच्याकडे काढतात त्या दुकानदाराला विचारा, नेहमीची सायकल तो लांबून ओळखतो. त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या, कंपनीच्या सुपरवायझरकडून एक पत्र घ्या की हे रोज याच सायकलने ड्युटीला येतात, घरच्यांच्या मोबाईलमध्ये सायकलसोबतचा एखादा जुना फोटो सापडतोच. हे सगळं अर्जाला जोडा. आणि व्हॉल्व, नट, वॉलट्यूब बरोबर घेऊनच जा, नाहीतर सायकल मिळूनही ढकलत आणावी लागेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, किती धीर आला सांगू. काकांशी बोलले, आधी ते तयारच होत नव्हते, म्हणाले जाऊ दे ताई, पोलिसांच्या नादी कोण लागतं, पाचशे देऊन टाकतो. त्यांच्या मुलीने समजावलं, ती बारावीला आहे, अर्ज तिनेच सुवाच्य अक्षरात लिहिला. पंक्चरवाल्या दादांनी लगेच लिहून दिलं, कॅरियरचा डावा पाय त्यांनीच वेल्डिंग करून दिलाय ही खूण पण टाकली. काल संध्याकाळी मी सोबत गेले, पोलीस स्टेशनला ड्युटीवर एक मॅडम होत्या, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, काकांना बसायला सांगितलं, आवकचा शिक्का मारून पोच दिली आणि चौकीत फोन केला. सायकल अजून मिळालेली नाही, सोमवारी या म्हणाल्यात. जप्तीची नोंद आहे का याचं उत्तरही सोमवारीच. पुलाच्या आदेशासाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी माझ्या नावाने टाकतेय, काकांचं नाव त्यात नको.

वकीलसाहेब, एक विचारायचं राहिलं, सोमवारी "सायकल मिळाली, काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागितली तर काकांनी करायची का? मिळाली एवढंच लिहून सही केली तर चालेल ना?

आणि तोपर्यंत कोणाकडे वापरात नसलेली बावीस इंची साधी सायकल असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शहर व्यनितच सांगते. मी येऊन घेऊन जाईन, परतही आणून देईन.