काही गावांची नावे चालतात, काहींपाशी पायथन थांबतो : मराठी यादी वाचताना येणारी अडचण

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका लहान गावातले वाचनालय आम्ही चार-पाच जण मिळून चालवतो. कोणत्या गावातून किती वर्गणी जमा झाली याचा तक्ता दर महिन्याला फलकावर लावावा लागतो आणि आजवर तो वहीवरून हातानेच उतरवला जात असे. यंदा पावसाळ्यात घरी बसून मी थोडेफार पायथन शिकलो आणि हा तक्ता तयार करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. संगणक साधा डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज ११ आणि पायथन ३.१२ आहे, आणि प्रदेशाच्या जागी भारतातील इंग्रजी निवडलेले आहे.

चाचणीसाठी मी नोटपॅडमध्ये 'गाव' आणि 'जमा' असे दोनच स्तंभ असलेली यादी टंकली. तिच्यात उचगाव, कडोली, सांबरा, नंदगड, जांबोटी आणि निपाणी ही सहा गावे होती. प्रोग्रामने ती वाचली, नवी फाईल तयार केली आणि त्या फाईलमधील मराठीही अगदी स्वच्छ दिसले. एकच गोष्ट खटकली. गावाच्या नावासाठी मी वीस अक्षरांची रुंदी ठरवली होती, तरीही आकडे एका रेषेत आले नाहीत. कडोलीपुढे पाच जागा सुटल्या, सांबऱ्यापुढे दोनच सुटल्या, आणि जांबोटीपुढचा आकडा तर नावाला चिकटूनच बसला.

ते नंतर पाहू असे म्हणून मी यादीत येळ्ळूर वाढवले आणि प्रोग्राम बंद पडला. 'चारमॅप' कोडेकला (बाइटांची अक्षरे करणाऱ्या भागाला) 'शून्य एक्स आठ डी' हा बाइट उलगडता येत नाही, अशा अर्थाचा युनिकोड-डिकोड-एरर आला. येळ्ळूर काढून झाडशहापूर घातले, तर तोच एरर 'नऊ डी' या आकड्यासह आला. एकसंबा घातल्यावर 'आठ एफ' आला, आणि कंग्राळी घातल्यावर पुन्हा 'आठ डी'. पायथन काढून नव्याने बसवून पाहिले, कीबोर्डाची भाषा बदलून पाहिली, फरक पडला नाही. दुरुस्तीवाल्याने विंडोजच नव्याने टाकण्याचा सल्ला दिला आहे, पण सहा गावे चालतात आणि चार चालत नाहीत याचे कारण कळल्याशिवाय ते करण्याची माझी इच्छा नाही.

टिळकवाडीकर

विंडोज नव्याने टाकू नका, कारण ते बिघडलेलेच नाही. आपण एरर नुसता न सांगता प्रत्येक नावाबरोबर आलेला आकडाही टिपून ठेवला, हे फार चांगले केले, कारण सगळे उत्तर त्या आकड्यांतच आहे.

आताचे नोटपॅड फाईल यूटीएफ-८ या युनिकोडच्या (सर्व लिप्यांसाठीच्या एकाच संकेताच्या) पद्धतीने साठवते. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. पायथनला मात्र फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) सांगितले नाही, तर तो विंडोजच्या प्रदेशानुसार ठरलेली जुनी सांकेतिक तक्ती घेतो, आणि भारतातील इंग्रजीसाठी ती १२५२ क्रमांकाची, पश्चिम युरोपीय लिप्यांची तक्ती आहे. तिच्यात एका बाइटाला एक अक्षर असते. म्हणजे जांबोटी हे नाव आपल्या दृष्टीने सात चिन्हांचे असले, तरी पायथनने ते एकवीस परकी अक्षरे म्हणून वाचले. वीसच्या रुंदीत एकवीस अक्षरे बसवल्यावर आकडा नावाला चिकटणारच. कडोलीची पाच चिन्हे पंधरा झाली म्हणून पाच जागा सुटल्या, आणि सांबऱ्याची सहा अठरा झाली म्हणून दोन. आपण खटकले म्हणून बाजूला ठेवले, तोच या दोषाचा पहिला पुरावा होता.

नवी फाईल स्वच्छ दिसली याचेही कारण हेच आहे. चुकीच्या तक्तीने वाचले आणि त्याच चुकीच्या तक्तीने परत लिहिले, की मूळ बाइट जसेच्या तसे उतरतात. वाचलेली ओळ पडद्यावर छापून पाहिली असती, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए', त्यापुढे चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, अशी रांग दिसली असती.

आता अडणाऱ्या गावांविषयी. १२५२ या तक्तीत पाच बाइटांच्या जागा रिकाम्या आहेत, त्या म्हणजे आठ-एक, आठ-डी, आठ-एफ, नऊ-शून्य आणि नऊ-डी. देवनागरीचा हलन्त यूटीएफ-८ मध्ये लिहिला की त्याचा तिसरा बाइट नेमका आठ-डी येतो, त्यामुळे येळ्ळूर, कंग्राळी, मच्छे, चिक्कोडी असे जोडाक्षर असलेले कोणतेही नाव अडते. 'झ'चा शेवटचा बाइट नऊ-डी आहे म्हणून झाडशहापूर अडले, आणि 'ए'चा आठ-एफ आहे म्हणून एकसंबा. 'ऐ' आणि चंद्रबिंदू यांचीही गत तीच होईल. आपली पहिली सहा गावे योगायोगाने या सगळ्यांतून सुटली होती.

कीबोर्डाची भाषा बदलून उपयोग नव्हता, कारण ती केवळ टंकण्यापुरती असते. मराठीसाठी विंडोजमध्ये अशी जुनी तक्ती कधी नव्हतीच. मराठी काय, कन्नड काय, दोन्ही तेथे थेट युनिकोडमध्येच आल्या.

उपाय एका शब्दाचा आहे. फाईल उघडणाऱ्या 'ओपन' या आज्ञेत, वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळा, 'एन्कोडिंग' म्हणून यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. लिहिताना विसरलात, तर आता खरी मराठी अक्षरे त्या तक्तीत बसवायची वेळ येईल आणि एरर पहिल्याच अक्षरावर मिळेल. आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टंकताना अर्थातच ती रोमन असतील.

चिक्कोडी रस्ता

एवढे करण्याचे कारण नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन' उघडा, 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' या भागात सिस्टिम लोकेल बदलण्याचे बटण आहे, तेथे जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरण्याची एक चौकट मिळेल. तिच्यावर टिचकी मारून संगणक पुन्हा सुरू केला, की सगळे प्रोग्राम एकदमच सुधारतात. मी दोन वर्षे असाच वापरतो आहे.

निपाणीकर लेखनिक

वरील उपाय ज्यांच्या संगणकावर सगळेच नवे आहे त्यांच्यासाठी ठीक आहे, पण आपल्या भागातल्या संस्थांच्या संगणकांवर तो करण्याआधी थांबावे, असे मी अनुभवावरून सांगतो. त्या चौकटीपुढे विंडोजने स्वतःच 'बीटा' असे लिहून ठेवले आहे, ते उगाच नाही.

मी ज्या सहकारी संस्थेचे हिशेब पाहतो, तेथे जुना हिशेबाचा प्रोग्राम अजून रोज चालतो. त्यातील मराठी नावे युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टंकलेली आहेत, म्हणजे संगणकाच्या लेखी ती लॅटिन अक्षरेच असून केवळ फाँटमुळे मराठी दिसतात. श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत किंवा कन्नडच्या नुडीत टंकलेली कागदपत्रे ज्यांनी हाताळली असतील, त्यांच्या हे लगेच ध्यानात येईल. असा मजकूर १२५२ तक्तीच्या वरच्या अर्ध्या भागावर उभा असतो. आम्ही ती चौकट निवडली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि सभासदांच्या नावांत जागोजाग चौकोन आले. चौकट काढल्यावर जुन्या नोंदी पूर्ववत झाल्या, परंतु मधल्या संध्याकाळी ज्या पावत्या साठवल्या गेल्या त्यांतील नावे हाताने पुन्हा भरावी लागली. तेव्हा वाचनालयाच्या संगणकावर असे काही जुने आहे का, ते प्रथम पाहावे. असेल तर एन्कोडिंग प्रोग्राममध्येच लिहिण्याचा मार्ग बिनधोक आहे. आणखी एक, अशा जुन्या फाँटातला मजकूर पायथनला कोणतेही एन्कोडिंग सांगून मराठी होणार नाही, तो आधी फाँट-परिवर्तकातून काढावा लागतो.

बिघडलेला मजकूर पाहून निदान करण्याची एक सवय येथे सांगतो. लॅटिन 'ए' आणि येनची रांग दिसली, तर माहिती शाबूत असून केवळ चुकीच्या तक्तीने वाचली गेली आहे. चलन आणि येन यांच्या जागी वर चढवलेले छोटे दोन आणि तीन हे आकडे दिसले, तर ती ओळ मराठी नसून कन्नड होती असे समजावे. आमच्याकडे यादी दोन्ही भाषांत असते, म्हणून हे रोज उपयोगी पडते. पण फाईलमध्ये साधी प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरे गेलीच. एक्सेलमधून साधे 'सीएसव्ही' (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली फाईल) निवडून साठवले की हे हमखास होते, तेथे 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडावा. काळ्या खिडकीत (आज्ञा टंकण्याच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये) जोडाक्षरे सुटी किंवा चौकोनी दिसली, तर मात्र घाबरू नये, ती केवळ दाखवण्यातली उणीव असते.

मलप्रभाकाठ

आपणा सर्वांचा आभारी आहे. एन्कोडिंग लिहिले आणि दहाही गावे वाचली गेली, जांबोटीपुढचा आकडाही नावापासून सुटा झाला. ती चौकट मी निवडलेली नाही, कारण वाचनालयाची जुनी ग्रंथयादी खरोखरच तशा फाँटमध्ये आहे.

परंतु एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून काढलेली खरी यादी वाचताना 'गाव' नावाचा स्तंभच नाही असा की-एरर येतो, आणि मला तर तो पहिलाच स्तंभ डोळ्यांनी दिसतो आहे. नोटपॅडच्या यादीत असे होत नाही. दुसरे असे, की तक्ता पडद्यावर बरोबर छापला जातो, पण 'पेक्षा मोठे' चिन्ह देऊन तोच तक्ता फाईलमध्ये वळवला की 'चारमॅप' पुन्हा डोके वर काढतो, या वेळी डिकोडऐवजी एन्कोड म्हणून. त्यासाठी 'पायथनयूटीएफ८' हे विंडोजमधले चल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती नोंद) 'सेटएक्स' या आज्ञेने एक असे ठरवूनही पाहिले, काही फरक पडला नाही.

टिळकवाडीकर

स्तंभाचे आधी. एक्सेल त्या प्रकारच्या फाईलच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण ठेवते, त्यामुळे पहिल्या स्तंभाचे नाव 'गाव' नसून 'अदृश्य खूण आणि गाव' असे होते. वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' असे लिहा. खूण असेल तर ते ती काढून टाकते आणि नसेल तर नेहमीप्रमाणे वाचते, त्यामुळे नोटपॅडची यादीही त्यानेच चालेल. उलट दिशेने, तक्ता एक्सेलमध्ये दुहेरी टिचकीने उघडायचा असेल, तर लिहितानाही 'सिग'च वापरा, अन्यथा एक्सेल त्या फाईलची तीच येनची रांग करून दाखवण्याचा संभव असतो.

पडद्याचे असे आहे, की पायथन ३.६ पासून विंडोजच्या काळ्या खिडकीशी थेट युनिकोडमध्ये बोलतो, म्हणून तेथे मराठी बरोबर येते. पण निकाल फाईलकडे वळवला की समोर खिडकी उरत नाही आणि तो पुन्हा १२५२ कडे जातो. यासाठी आपण ठरवलेले चल योग्यच आहे, ते पायथन ३.७ पासून चालते. फक्त 'सेटएक्स'ने ठरवलेली गोष्ट आधीच उघडलेल्या खिडकीला कळत नाही. ती खिडकी बंद करून नवी उघडा, आणि संपादकातून प्रोग्राम चालवत असाल तर संपादकही बंद करून उघडा. या चलाचा परिणाम फक्त पायथनवर होतो, आपल्या जुन्या ग्रंथयादीला त्याचा स्पर्शही होणार नाही. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हीच मूळ पद्धत करण्याचे ठरलेले आहे, तरीही फाईल उघडताना एन्कोडिंग लिहिण्याची सवय मी सोडणार नाही, कारण आपला प्रोग्राम उद्या कोणाच्या जुन्या संगणकावर चालेल हे सांगता येत नाही.

मलप्रभाकाठ

खिडकीच बंद केली नव्हती. आता दोन्ही गोष्टी चालतात. शेवटचे एक विचारतो. सभासदांची आडनावे क्रमाने लावली, तर काळे हे कावळे, काशीद आणि कासार यांच्या आधी येते, आणि आमच्या ग्रंथपालांना ते मुळीच पसंत नाही.

निपाणीकर लेखनिक

ग्रंथपालांचे बरोबर आहे. आपण शाळेत 'ह'नंतर 'ळ' शिकलो, कन्नड वर्णमालेतही तो 'ह'नंतरच येतो. युनिकोडने मात्र भारतीय लिप्यांची मांडणी १९८८च्या 'इस्की' या भारतीय संकेतानुसार केली आणि तेथे 'ळ' हा 'ल'च्या शेजारी आहे. पायथन केवळ त्या क्रमांकांप्रमाणे लावतो. पूर्ण उपाय हवा असल्यास 'पायआयसीयू' हा पायथनचा जोड-संच बसवून मराठीचा क्रम मागता येतो, पण विंडोजवर ते बसवणे नवशिक्याला जड जाते. आपल्या कामापुरते असे करा, की क्रम लावताना 'की' म्हणून एक छोटे फंक्शन द्या, जे 'ळ'च्या जागी 'ह' आणि त्यापाठोपाठ 'एफएफएफएफ' क्रमांकाचे, म्हणजे सर्व मराठी अक्षरांच्या नंतर येणारे, चिन्ह घालते. मूळ नाव बदलत नाही, फक्त तुलना बदललेल्या रूपावर होते. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना शेवटी वेगळी जागा द्यायची की 'क' आणि 'ज' यांच्याखालीच ठेवायचे, ते आधी ग्रंथपालांना विचारून घ्या.

मलप्रभाकाठ

विचारले. क्षीरसागर शेवटी हवेत असे त्यांनी सांगितले, त्याप्रमाणे फंक्शनमध्ये आणखी एक ओळ वाढवली. काळे आता कासारांच्या खाली आले असून तक्ता छापून फलकावर लावला आहे.