विषय: घरभाड्याची सरकारी मदत (सेक्शन ८)

नमस्कार मंडळी,
ओळखीची एक ताई न्यू जर्सीत एडिसनला दोन मुलांसोबत एकटी राहते. किराणा दुकानात तासांवर काम करते. निम्म्याहून जास्त पगार भाड्यात जातो. तिला कुणीतरी सेक्शन ८ सुचवलं. ग्रीन कार्डवर चालतं का? कुणी अर्ज भरला असेल तर कृपया सांगा. लोक काय म्हणतील या विचाराने ती स्वतः विचारायला कचरते आहे.

---

उत्तर:
ग्रीन कार्डवर चालतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नाही. आणि ताईंना सांगा, १९७४ पासूनची सरकारी योजना आहे, यात लाज कसली!

व्हाउचर, म्हणजे या मदतीचं मंजुरीपत्र, मिळालं की वीज-गॅस धरून उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के आपण भरायचे, उरलेलं ठरलेल्या मर्यादेपर्यंत हाउसिंग ऑथॉरिटी (ही योजना चालवणारी सरकारी संस्था) थेट घरमालकाला देते. खरी अडचण नंबर लागण्याची. पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला मदत मिळते. प्रतीक्षायाद्या बहुतेक वेळ बंद असतात, उघडल्या तरी थोडे दिवस, आणि पुष्कळदा लॉटरी. म्हणून नुसत्या एडिसनवर विसंबू नका. न्यू ब्रन्सविक, पर्थ अँबॉय, राज्याचं डीसीए (डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्स), जिथे यादी उघडेल तिथे अर्ज टाका. मात्र बाहेरगावचं व्हाउचर मिळालं तर पहिलं वर्ष बहुधा तिथेच राहावं लागतं, तेव्हा मुलांच्या शाळेचा विचार आधी करा. अर्जाला पैसे लागत नाहीत. फी मागणारी वेबसाइट दिसली की ती बंद करा.

पत्ता बदलला की लगेच कळवा, हे तर हात जोडून सांगते. मी अर्ज भरून दिलेल्या एका आजींचं नाव यादीतून गेलं. ‘अजून मदत हवी आहे का?’ असं विचारणारं पत्र जुन्या घरी गेलं, मुदत टळली. इतकी वर्षं थांबून! फार वाईट वाटलं.

---

उत्तर:
एक भर. ‘आम्ही सेक्शन ८ घेत नाही’ असं म्हणून घर नाकारणं न्यू जर्सीत बेकायदा आहे. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे (डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स) तक्रार करता येते.

मंडळात घरं भाड्याने देणारे बरेच आहोत, त्यांनी घाबरू नये. माझ्या वुडब्रिजच्या घरात व्हाउचरवरचं कुटुंब आहे. आधी तपासणी झाली. स्मोक डिटेक्टर, खिडक्यांच्या कड्या, जिन्याचा कठडा, सगळं पाहिलं. कठडा हलत होता, तो पक्का करून घेतला. ऑथॉरिटीचा हिस्सा दरमहा खात्यात जमा होतो.

ताईंना व्हाउचर मिळालं की मला मेल करा. माझं घर रिकामं नसलं तर इतर घरमालकांना मी स्वतः फोन करीन.