चिनी विद्यार्थ्यांना बोलीतलं इंग्रजी कसं शिकवावं?

मृद्गंध: मँडरिन मातृभाषा असलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवते. व्याकरण चोख, वाचनही उत्तम. पण वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करूनही बोलताना एकही तोंडात येत नाही. सुरुवात कुठून करू?

अनवट: याद्या आधी बंद करा. चिनी शाळांत चेंग्यू नावाचे वाक्प्रचार शिकवतात. ते बहुतेक चार अक्षरांचे, ठरलेल्या साच्याचे, भाषेला भारदस्तपणा आणणारे. त्याच सवयीने 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' घोकलं जातं, जे बोलण्यात क्वचितच येतं. रोजच्या बोलण्याची भिस्त 'पिक अप', 'पुट ऑफ', 'फिगर आउट' असल्या जोडक्रियापदांवर असते. खरी मेख सर्वनामात आहे. 'पिक अप द फोन' आणि 'पिक द फोन अप' दोन्ही चालतं, पण 'पिक अप इट' चूक. तिथे 'पिक इट अप'च हवं. आठवड्याला पाच पुरेत, पण प्रत्येक सर्वनामासकट वदवून घ्या.

उच्चारही सोबतच घ्या. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी क, ट, प येत नाहीत. त्यामुळे 'पिक'मधला क गिळला जातो, नाहीतर त्याला शेपटीसारखा स्वर लागतो. 'पि-कि-टप' असं जोडून म्हणायला लावा, जोर 'टप'वर. क पुढच्या स्वराला चिकटला की आपोआप सुटतो.

चौकस: शब्दशः भाषांतरावरही लक्ष ठेवा. चिनीत दार उघडायला आणि दिवा लावायला क्रियापद एकच, म्हणून 'ओपन द लाइट' येतं. मोठी माणसंही मित्रांसोबत 'प्ले' करतात. तिथे 'हँग आउट' द्या. हुरूप द्यायला म्हणतात त्या 'जियायौ'वरून आलेलं 'ॲड ऑइल' २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत गेलं खरं, पण हाँगकाँगबाहेर अनेकांना कळत नाही. 'यू गॉट धिस' शिकवा.

मृद्गंध: धन्यवाद! आणि 'व्हॉट्स अप?'ला उत्तर काय द्यायचं? सगळे दिवसभराचा वृत्तांत सांगू लागतात.

अनवट: 'नॉट मच, यू?' एवढंच. तो प्रश्न नसून नमस्कार आहे.

त्याहून जास्त घोटाळा नकारार्थी प्रश्नांत होतो. 'यू आर नॉट कमिंग?'ला ते 'येस' म्हणतात, म्हणजे 'बरोबर, येत नाही'. (मराठीतही आपण 'हो, नाही येणार' म्हणतोच.) ऐकणाऱ्याला मात्र नक्की काय ते कळत नाही. नुसतं येस-नो नको, 'नो, आय ॲम नॉट' असं पूर्ण वाक्य लावून द्या. आणि चहा विचारल्यावर 'आय ॲम गुड' म्हणजे 'नको', हेही आधीच सांगून ठेवा.