तत्त्वज्ञाच्या नावाने बुद्धिबळ स्पर्धा घेतोय, सल्ला द्या

बोरीकाठचा: राम राम मंडळी. अमळनेरला मे मध्ये शाळकरी पोरांची एक दिवसाची स्पर्धा ठेवतोय, नाव द्यायचंय कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं. बऱ्याच गाववाल्यांनाच माहीत नसतं, प्रताप शेठजींनी 1916 ला इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं आणि हा बंगालचा एवढा मोठा माणूस 1933 ते 35 तिथे संचालक होता. आमच्यातला एक जण अडून बसलाय की साने गुरुजींचं नाव दे, पोरं जास्त येतील. ते असो, 60 पोरं धरलीत, नॉकआउट घेऊ का? आणि यांचा बुद्धिबळाशी काय संबंध असं कोणी विचारलं तर?

भुसावळचा पंच: नॉकआउट अजिबात नको!! पाचोऱ्याहून पोराला घेऊन आलेला बाप अर्ध्या तासात परत स्टँडवर, दिवसभर शिव्या घालेल. स्विस घ्या, हरला तरी प्रत्येक जण सगळ्या फेऱ्या खेळतो आणि पुढची जोडी सारख्या गुणवाल्याशी लागते. 60 ला 6 फेऱ्या पण चालतात, 7 घेतल्या तर क्रम नीट लागतो. प्रत्येकाला 15 मिनिटं आणि दर चालीला 5 सेकंद जादा ठेवा, संध्याकाळपर्यंत उरकतं. आकडा विषम झाला तर उरलेल्याला बाय, म्हणजे त्या फेरीत न खेळताच पूर्ण 1 गुण. आणि गुण सारखे झाले तर बुखोल्झ लावणार, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज, हे सकाळीच फळ्यावर लिहा. मागच्या वर्षी एका ठिकाणी तिसऱ्या नंबरासाठी नाणं उडवलं राव, माझी भाची हरली, घरी येईपर्यंत बोलली नाही.

उंट_तिरका: संबंध कशाला जोडायचा ओढूनताणून, भट्टाचार्य पटावर बसायचे असं उगाच ठोकून देऊ नका म्हणजे झालं. तत्त्वज्ञान आणि बुद्धिबळ तसे शेजारीच आहेत. लास्कर 1894 ते 1921 जगज्जेता, तोही तत्त्वज्ञानावर लिहायचा. विटगेन्स्टाइन नावाचा तत्त्वज्ञ म्हणायचा मोहऱ्याचा अर्थ म्हणजे खेळातलं त्याचं काम. आमच्या गल्लीतल्या पटात एक हत्ती हरवलाय, त्याजागी खोकल्याच्या औषधाचं लाल बूच आहे, पोरं त्याला हत्तीच म्हणतात आणि ते सरळच चालतं. पोरांना हे बूच दाखवा, भाषण नको.

वरणबट्टी: भाषण ठेवलंच तर बक्षिसाच्या आधी ठेवा भो, सकाळी नको. मे मधे पत्र्याच्या हॉलमधे पाहुणे बोलत बसले की पोरं पहिल्या फेरीआधीच आंबून जातात. गुरुजींच्या नावाचं म्हणाल तर गुरुजी पण तत्त्वज्ञान शिकायलाच त्या मंदिरात आले होते, मग शाळेत लागले. बक्षीस त्यांच्या नावाने द्या, भांडण मिटलं.

बोरीकाठचा: हे भारी सुचवलं दादा, आजच मीटिंगमधे टाकतो. स्विस फिक्स. 60 पोरं म्हणजे 30 घड्याळं झाली, आमच्याकडे 11 आहेत त्यातली दोन बंद. धुळे जळगाव कडे भाड्याने कोणी देतं का?

भुसावळचा पंच: माझ्याकडे 8 आहेत, घेऊन जा. सेल तुमचे.